पांढऱ्या सोन्याची दोन गावं

कॅलिफोर्नियात 1849 साली सोन्यासाठी जशी झुंबड उडाली, तशीच खानदेशात 1861 ते 1865 या काळात कापसासाठी उडाली. अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि मुंबईत भाव आभाळाला भिडले. त्या पैशाचा माग काढायला कुणी एकाच दिवसासाठी खानदेशात येणार असेल, तर त्याने कुठे उतरावं, जळगावला की धुळ्याला? माझा जीव धुळ्यावर आहे, पण मी जळगावला जा म्हणेन.

धुळ्याचा हक्क खरं तर आधीचा. इंग्रजी अंमल बसताच कॅप्टन ब्रिग्जने पांझरेकाठच्या या गावी जिल्ह्याचं ठाणं केलं आणि 1819 मध्ये नवी पेठ आखली. तिथल्या सरळ गल्ल्या धुळेकर आजही नंबरानेच ओळखतात. कचेरी तिथे, मुंबई-आग्रा सडक तिथून जाणारी. तेजी आली तेव्हा ती धुळ्यालाच फळायला हवी होती. पण रेल्वेने वाट बदलली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा भुसावळकडे गेला आणि धुळं बाजूला राहिलं. चाळीसगावहून फाटा आला तो 1900 साली, तेजी ओसरून पस्तीस वर्षं झाल्यावर.

तेजीचं गाव माल पिकतो तिथे उभं राहतंच असं नाही. माल गाडीत चढतो तिथे ते हमखास उभं राहतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीतला कापूस बैलगाड्यांनी जळगाव स्टेशनावर येऊ लागला आणि बघता बघता तिथे मोठी बाजारपेठ झाली. कलेक्टर ॲशबर्नरने हिंगणघाटचं बियाणं आणवलं, कारण खानदेशी कापसाचा धागा आखूड होता. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, जळगावच्या व्यापाराला जबर ठोकर बसली. पण अमेरिकेतल्या बोडीसारखी गावं सोनं संपल्यावर ओस पडली, तसं इथे झालं नाही. दहाएक वर्षांतच मुळजी जेठांची खानदेश गिरणी उभी राहिली. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणं जळगावलाच आलं. पुढे गिरणीही बंद पडली आणि तिच्या आवारात आता व्यापारी संकुल आहे. जुनं दगडी काही पाहायला मिळेल या आशेने येणाऱ्याची इथे निराशा होईल.

मग जळगाव का? कारण कापसाचा व्यवहार इथे अजून डोळ्यांसमोर चालतो. दिवाळीनंतर या. जिनिंगच्या आवारात माणूस बुडेल एवढे कापसाचे ढीग असतात. आत जिनच्या रोलरांमधून रुई एका बाजूला आणि सरकी दुसऱ्या बाजूला पडते, हवेत तंतू तरंगतात, कामगार तोंडाला फडकं बांधून उभे असतात. प्रेसमध्ये रुई दाबली जाते आणि सुमारे पावणेदोनशे किलोची गाठ बाहेर येते. आवाराबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेला शेतकरी काट्याकडे आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडे आलटून पालटून बघत असतो. ओलावा जास्त धरला की भाव उतरतो, हे त्याला पाठ असतं. तिथून सराफ बाजार लांब नाही. राजमल लखीचंद ही पेढी 1854 पासूनची, म्हणजे तेजीच्याही आधीची. पीक चांगलं आलं की पाटल्या घडतात, बोंडअळी पडली की त्याच पाटल्या मोडीत निघतात. जळगावच्या सोन्याची कीर्ती सांगताना ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही. ती सांगायलाच हवी.

धुळ्याने पैसा नाही, कागद जपले. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा केलेली समर्थ संप्रदायाची बाडं वाग्देवता मंदिरात आहेत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. ज्याला दोन दिवस आहेत, त्याने दुसरा दिवस धुळ्याला द्यावा आणि वाटेत अमळनेरला थांबावं. कापडगिरणी चालवणाऱ्या प्रताप शेटांनी तिथे 1916 मध्ये तत्त्वज्ञानाचं केंद्र काढलं. कापसाच्या पैशाचा इतका उमदा उपयोग मला दुसरा माहीत नाही.

पण पहिला दिवस जळगावचाच. 1862 मध्ये खानदेशातल्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारातल्या तेजीमंदीवर हलत होता. आजही परदेशातल्या बाजाराचा धक्का थेट इथल्या काट्यापर्यंत पोचतो. हमीभाव जाहीर असतो, तरी हात अडलेला शेतकरी दारात आलेल्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत त्याहून कमी भावाने माल देतो. जिनात गेलात तर शेतकऱ्याला त्या दिवसाचा भाव विचारा आणि वेचणीला किलोमागे काय द्यावं लागलं तेही विचारा. ओळीत वाकून दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी जाऊन हाती काय उरलं, हे त्याच्याकडूनच ऐका.