शमुवेलाचा झगा

हन्ना प्रतिवर्षीं लहान झगा करून शिलो येथें शमुवेलाकडे नेत असे, असें शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. प्रतिवर्षीं नवा कां? कारण मूल वाढत होतें.

परंतु ज्यांना गतवर्षींचाच झगा यंदाहि पुरतो, अशीं मुलें आमच्या वस्त्यांत थोडीं नाहींत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभरांपैकीं ३५ मुलांची उंची खुंटलेली आढळली. आणि वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें २२ जणींचीं लग्नें अठरा वर्षें भरण्यापूर्वींच झालीं होतीं. ह्या दोन गोष्टींचें नातें आहे. पंधरा वर्षांच्या मुलीचें शरीर स्वतःच वाढत असतें. गर्भ राहिला म्हणजे एकाच ताटांत दोन वाढते जीव जेवूं लागतात. बाळ अशक्त जन्मण्याचा धोका वाढतो. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढें सहसा भरून निघत नाहीं, आणि खुंटलेली मुलगी उद्यां ठेंगणी माता होते.

दारिद्र्य व दूषित पाणी हींहि कारणें होत; पण लग्नाची तिथि तरी आपल्या हातीं आहे. ऊसतोडीस जातांना वयांत आलेली मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही आईबापांची चिंता आम्ही जाणतों. तिला उत्तर मंडळीनेंच द्यावें: त्या मुलीस आपल्या घरीं ठेवावें, शाळेंत पाठवावें. उपदेशक बंधूंनीं वाङ्निश्चयाचा नारळ घेण्यापूर्वीं मुलीचा जन्मदाखला मागावा, व अठरा वर्षें भरलीं नसल्यास प्रेमानें पण ठामपणें नकार द्यावा.