अर्जाशेजारी बसणारा माणूस

दिवाळी सरली की पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात घरांना कड्या लागायला सुरुवात होते. भाताची झोडणी उरकलेली असते, पावसाळी शेती संपलेली असते, आणि मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाड्याच्या पाड्यांवरची माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. नेमक्या याच महिन्यांत बारावीच्या मुलांपुढे अर्जांची रांग लागते. आधी जेईई, मग सीईटी, मग नीट. निकाल लागला की प्रवेशाच्या फेऱ्या, आणि प्रवेश झाला की शिष्यवृत्ती. प्रत्येक अर्जामागे दाखल्यांचा गठ्ठा आहे. उत्पन्नाचा दाखला तर आर्थिक वर्ष संपले की बहुधा नव्याने काढावा लागतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, बाप अजून भट्टीवर असताना. ज्यांच्या सहीने आणि जबाबाने हे कागद निघायचे ते आईबाप एका तालुक्यात, मुलगी आश्रमशाळेच्या वसतिगृहात दुसऱ्या तालुक्यात, आणि तहसील कचेरी तिसरीकडे. या जिल्ह्यातली गरीब मुले पदवीपर्यंत का पोचत नाहीत, याच्या चर्चेत गरिबी, इंग्रजी, अंतर, मुलींची लवकर लग्ने ही कारणे येतात, आणि ती खरीच आहेत. पण एक कारण असे आहे की जे थोड्या पैशांत आणि लवकर दूर करता येईल. ते म्हणजे अर्ज भरताना मुलाच्या शेजारी बसून तो शेवटपर्यंत नेणारे कोणी नसणे. हे काम कुणाच्या चांगुलपणावर न सोडता प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात पगार देऊन करून घेतले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

योजनांची वानवा नाही, हे आधी मान्य करू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही देशातल्या सर्वांत जुन्या योजनांपैकी एक. अनुसूचित जातींसाठी ती 1944 मध्ये सुरू झाली आणि 1948-49 मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली. आज अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या आदिवासी मुलाला फी आणि निर्वाहभत्ता त्यातून मिळतो. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांपर्यंतच्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांच्या राहण्या-जेवणाचा खर्च ‘स्वयम्’ योजनेतून थेट खात्यावर येतो. आयआयटीत तर अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिकवणी शुल्क नाहीच. म्हणजे कागदावर पाहिले तर तलासरीतल्या हुशार वारली मुलीला कोणत्याही शाखेत शिकायला पैशाची आडकाठी राहू नये.

आडकाठी कुठे येते ते जरा जवळून पाहू. महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज मंजूर झालेला दिसतो, कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेलेला दिसतो, आणि तरी पैसे पडत नाहीत. कारण पुष्कळदा हे असते की रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातच नाही. ती जाते आधार ज्या खात्याशी शेवटचे जोडले गेले तिथे. मुलाने मध्येच मोबाइलचे सिम घेताना कुठल्या तरी पेमेंट बँकेत खाते उघडलेले असते, अंगठा दिलेला असतो, आणि जोडणी तिकडे सरकलेली असते. किंवा खाते तो अज्ञान असताना शाळेने काढलेले, दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले. बँकेत जाऊन तो ‘आधार लिंक आहे का’ विचारतो, कारकून ‘आहे’ म्हणतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. खात्याला आधार जोडणे आणि अनुदानासाठी आधार-खाते जोडणीच्या राष्ट्रीय नोंदीत ते खाते असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ते कळण्याचे काही कारण नाही. ज्याने असे पाच अर्ज निस्तरले आहेत त्याला हे पाच मिनिटांत कळते. नावांचेही तसेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बापाचे नाव एका ठिकाणी गळालेले. शाळेच्या दाखल्यात थोरल्याची जमात ‘कातकरी’ आणि धाकट्याची ‘काथोडी’. अनुसूचित जमातींच्या यादीत ही दोन्ही नावे एकाच नोंदीत आहेत, पण अर्जात त्रुटी निघते आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते.

सर्वांत अवघड कागद जात पडताळणीचा. 1994 मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, आणि पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. खोटे दाखले घेऊन खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जात होत्या, त्यामुळे पडताळणी हवीच. पण आदिवासी अर्जदाराकडे पुरावा मागितला जातो तो 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा: आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जमिनीचा कागद, वास्तव्याची नोंद. पालघरच्या भूमीवर ही तारीख ठेवून पाहा. 1945 मध्ये तलासरीजवळ झरी इथे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबण्याच्या) पद्धतीविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. म्हणजे 1950 च्या पाच वर्षे आधीपर्यंत इथला वारली सावकाराच्या आणि जमीनदाराच्या वेठीला बांधलेला होता आणि शाळा नुकती कुठे त्याच्या वाटेला येत होती. त्याच्या नातवाने त्या काळातला शाळेचा उतारा आणायचा! पर्याय आहेत, नाही असे नाही. चुलत्याची किंवा रक्तनात्यातल्या कोणाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. गावनमुना चौदा, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षातले उतारे शोधता येतात. पण ते शोधायला महिने लागतात, म्हणून सुरुवात अकरावीत व्हावी लागते. आणि घराण्यातल्या पहिल्या मुलाचे काम झाले की त्याच्या सगळ्या चुलत भावंडांची वाट मोकळी होते. इथे एका मुलाला दिलेली मदत दहा-पंधरा मुलांना पुरते. त्यामुळे या कामाचा खर्च मोजताना हिशेब घराण्यागणिक करायला हवा.

बोईसर-तारापूरची कहाणी निराळी. 1969 मध्ये अणुवीजकेंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात अशा अनेक ठिकाणांहून माणसे येऊन वसली. रसायन, औषध आणि कापड कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराची अडचण स्थलांतरित आदिवासीपेक्षा वेगळी असली तरी तिचे मूळ कागदातच आहे. ठेकेदार पगाराची चिठ्ठी देत नाही, म्हणून उत्पन्नाचा पुरावा नाही. खोली भाड्याची, करारनामा नाही, म्हणून पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध करून डोमिसाइल काढणे जिकिरीचे. आणि बाप गावी अनुसूचित जातीचा असला तरी मुलाला महाराष्ट्रात त्या आरक्षणाचा लाभ नाही. आंध्रातून नोकरीनिमित्त आलेल्या बापाच्या मुलाने मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशासाठी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच हे ठरवून टाकले. तो नियम न्याय्य आहे की नाही हा वेगळ्या लेखाचा विषय. पण तो माहीत नसल्यामुळे बोईसरची मुले चुकीच्या प्रवर्गात अर्ज भरतात आणि ऐन फेरीत बाद होतात. उलट जे त्यांना मिळू शकते ते त्यांना कुणी सांगत नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशात दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असली आणि जन्म इथलाच असला, तर जन्माच्या दाखल्यावरही राज्याचा विद्यार्थी म्हणून गणना होऊ शकते. बारावीच्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलाला केंद्र सरकारची पदवीसाठी वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिला जात लागत नाही. ही मुले मराठी बोलतात, इथल्याच शाळांत शिकतात, आणि त्यांचे दाखले काढून देणे हे या जिल्ह्याचेच काम आहे.

यावर नेहमीचे उत्तर असते ते जनजागृतीचे: माहितीपत्रके वाटा, मेळावा घ्या, व्हॉट्सॲपवर लिंक टाका. हे किती उपयोगी पडते याचा भक्कम पुरावा परदेशात जमा झालेला आहे. अमेरिकेत सरकारी शैक्षणिक मदतीसाठी एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. एरिक बेटिंगर, ब्रिजेट लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. कर भरायला आलेल्या काही कुटुंबांचा अर्ज तिथल्या तिथे भरून दिला. काहींना त्यांना किती मदत मिळू शकेल याचा नेमका आकडा आणि माहिती दिली, अर्ज मात्र त्यांच्यावर सोडला. पहिल्या गटातल्या बारावीच्या मुलांत पुढच्या तीन वर्षांत दोन वर्षांचे कॉलेज पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण 28 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्यांत काहीच फरक पडला नाही. पुढे आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना संदेश पाठवून अर्जाची आठवण करून देण्याच्या मोठ्या मोहिमा तपासल्या गेल्या, तर प्रवेशांवर त्यांचाही परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष जसेच्या तसे पालघरला चिकटवता येणार नाहीत, कारण तिथे उत्पन्नाची माहिती करपत्रकात तयार होती आणि इथे ती माहिती तयार करण्यातच महिने जातात. पण या फरकाने माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. जिथे काम काही मिनिटांचे होते तिथेही माहिती अपुरी पडली; इथे तर तलाठ्यापासून बँकेपर्यंत सात दारे आहेत.

सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की, अर्ज इतके किचकट असतील तर ते सोपे करा, त्यासाठी माणूस कशाला नेमता? मदतनीस नेमला की गुंतागुंत कायमची होते. यात मोठे तथ्य आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने गरीब घरच्या हुशार मुलांना आधीच पत्र पाठवून कळवले की तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षे शिकवणी शुल्क माफ, त्यासाठी वेगळा अर्ज नको. अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण 26 वरून 68 टक्क्यांवर आणि प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे 12 वरून 27 टक्क्यांवर गेले. शासनाकडे मुलाची जमात, आश्रमशाळेतली नोंद, आधार, शिधापत्रिका सगळे आहे. मग तेच कागद पुन्हापुन्हा का मागावेत, हा प्रश्न लावून धरलाच पाहिजे. पण अमेरिकेनेच 2023 च्या अखेरीस सोपा केलेला अर्ज आणला तेव्हा त्यातल्या बिघाडांनी आणि दिरंगाईने त्या वर्षीच्या मुलांचे हाल झाले. सुधारणा होईपर्यंत बारावीच्या किती तुकड्या बाहेर पडतील? शिवाय कुठला कागद कुठे अडतो याची पक्की नोंद अशा मदतनिसाकडेच तयार होते. अर्ज सोपा करायचा तर कुठून सुरुवात करायची, हे मंत्रालयाला तोच सांगू शकेल.

शिक्षकांवर आधीच जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन नोंदींचा भार आहे, हे अगदी बरोबर, आणि म्हणूनच हे काम त्यांच्या माथी मारू नये. सायबर कॅफेवाला अर्ज भरतोच की, असेही म्हणतात. तो भरतो, पैसे घेऊन भरतो, आणि पावती हातात दिली की त्याचा संबंध संपतो; मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि त्रुटीचा संदेशही. मुलांनी स्वतः शिकले पाहिजे, या आक्षेपाला उत्तर कृतीतच आहे: अर्ज मुलीनेच भरायचा, कळफलकावर बोटे तिचीच, मदतनीस शेजारी. प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना तर याला पर्याय नाही. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते, नाकारले तर पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. डहाणूहून लोकलने रोज जाता येईल असे कॉलेज, वसतिगृह असलेले लांबचे कॉलेज आणि नुसते नाव ऐकलेले कॉलेज यांची उतरंड लावताना घरच्या परिस्थितीबद्दल सविस्तर बोलणारे कोणी समोर हवे. शिष्यवृत्तीला पात्र मुलीकडून शिष्यवृत्तीतून भरली जाणारी फी प्रवेशाच्या वेळी मागू नये असे शासनाचे आदेश आहेत, हेही खिडकीवर तिच्या बाजूने कोणी तरी म्हणायला हवे.

पदवी घेऊन नोकरी कुठे मिळते, त्यापेक्षा आयटीआय करून तारापूरच्या कारखान्यात लागू द्या, असे कळकळीने सांगणारे पुष्कळ आहेत. आयटीआय ही उत्तम निवड असू शकते. पण निवड म्हणण्यासाठी दुसरी वाट उघडी असावी लागते. कागद जुळला नाही म्हणून नर्सिंग सुटले आणि मुलगी पॅकिंगच्या कंत्राटावर लागली, तर त्याला निवड म्हणता येत नाही. आणि आयटीआयच्या प्रवेशाला आणि शुल्कसवलतीलाही हेच दाखले लागतात.

माणूस शेजारी असण्याचा गुण महाराष्ट्राला नवा नाही. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती, आणि तरुण भीमराव आंबेडकरांची गुणवत्ता होती. पण त्यांना महाराजांपर्यंत नेऊन पोचवले ते कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. मुलाला शाळेत येणे जमत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे ताराबाई आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवले, आणि पुढे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. दोन्ही ठिकाणी कुणा एकाने स्वतःहून भार उचलला. आज पालघरच्या हजारो मुलांसाठी केळुसकर योगायोगाने भेटतील अशी आशा धरून बसता येत नाही.

पैशाची सोय अवघड नाही. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. तारापूरच्या वसाहतीतून त्यातले पुष्कळसे दप्तरे, बाके, संगणक यांवर जाते. त्यातूनच चार कॉलेजांना मिळून एक मदतनीस पोसता येईल. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या) कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी मिळतो आणि शिक्षणावर तो वापरता येतो. डहाणू आणि जव्हारला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेतच. याच भागातली, वारली, कोकणी, कातोडी बोलू शकणारी, स्वतः या फेऱ्यांतून गेलेली पदवीधर मुले-मुली या कामाला मिळतील. त्यांचे वेळापत्रक अकरावीच्या दिवाळीपासून सुरू व्हावे: माणसे भट्टीवर निघण्यापूर्वी पाड्यावर जाऊन आईबापांच्या सह्या, जुने उतारे, चुलत्यांच्या व्हॅलिडिटीच्या प्रती गोळा कराव्यात. आणि त्यांचे काम भरलेल्या अर्जांच्या संख्येवर मोजू नये. पहिला हप्ता खात्यावर पडला का, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण झाले का, एवढेच विचारावे. कारण शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने मागावी लागते, आणि पहिल्या वर्षाचे पैसे उशिरा आल्यामुळे दुसऱ्या वर्षाचा अर्जच न केलेली मुले कुठल्याही यादीत दिसत नाहीत.