खुडुक कोंबडी आणि शेजार

“एकवीस दिवस कोंबडीची राखण कायले कराची? बाजारात पिल्लं भेटतेत ना!” यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात घरी अंडी उबवायची भाषा काढली की कुणीतरी हे ऐकवतंच. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि पैशांच्या हिशेबाने तो चुकीचाही नसतो. म्हणूनच तो मनात सलत राहतो.

अंड्याला 37.5 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि 21 व्या दिवशी पिल्लू बाहेर येतं, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. त्या उबेमागे खुडुक कोंबडीचे किती कष्ट असतात, ते मात्र तिच्याजवळ बसणाऱ्यालाच कळतं. दाणापाण्यासाठी ती दिवसातून एखाद्या वेळीच उठते. अंडी चोचीने पुन्हा पुन्हा फिरवते, कडेची आत ओढून घेते. शेवटच्या दिवसांत पिल्लू कवचाच्या आतूनच चिवचिवू लागतं, तेव्हा त्याला आवाजाने उत्तर देते. यवतमाळचा उन्हाळा तर वेगळीच परीक्षा घेतो. पारा 44-45 अंशांवर गेला की साठवलेली अंडी घरातल्या उष्णतेनेच अर्धवट वाढू लागतात आणि आतला जीव मरतो. म्हणून जाणती बाई अंडी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात जपते, आठवड्याच्या आतलीच निवडते आणि जमलं तर थंडीची वाट पाहते. अंडी कोंबडीखाली ठेवल्यावर सातव्या-आठव्या रात्री अंधारात अंडं टॉर्चसमोर धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात काहीच दिसत नाही, ते अंडं बाजूला काढायचं. हे काम घरातल्या लहान मुलाकडे दिलं तर ते दहा पाठांपेक्षा जास्त शिकतं.

मोजणं आणि बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोंबडीपालन मोजण्यावर चालतं: किती अंडी, किती किलो, किती खाद्य. पिल्लं वाढवायची तर आधी बघावं लागतं. कोणतं पिल्लू पंख पाडून एका कोपऱ्यात उभं आहे, कोणतं पाण्याच्या ताटलीत पडेल, घार कोणत्या झाडावर बसते, संध्याकाळी डाल झाकताना एक कमी का भरतं. हे बघण्याचं शिक्षण विकत मिळत नाही. बाजारातली पिल्लं घ्या म्हणणारा नेमकं हेच हिशेबातून गाळतो.

त्याची बाजू कच्ची मात्र नाही. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50-60 अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. ती अंड्यांवर बसली की उबवणं आणि पिल्लं फिरवणं मिळून दोन-अडीच महिने एकही अंडं मिळत नाही. उलट हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठीच तयार केलेली वनराजा वर्षाला शंभरावर अंडी देते आणि ग्रामप्रिया त्याहूनही जास्त. ज्या घराला अंड्यांची गरज आहे, त्या घराने या जाती घ्याव्यात. पण प्रकल्प अहवालात एक रकाना नसतो. अंडी वाढवताना या जातींची खुडुक बसण्याची ओढ जवळजवळ संपली आहे. त्यामुळे पुढची प्रत्येक पिढी नागपूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणाहून आणावी लागते. एक दिवसाचं पिल्लू प्रवास करू शकतं, कारण बाहेर पडण्याआधी ते पोटात बलक ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस तगतं. सगळा पिल्लांचा व्यापार या एका गोष्टीवर उभा आहे. त्याच व्यापारात, अंड्यांसाठीच्या जातींची नर पिल्लं पहिल्याच दिवशी नष्ट केली जातात. जर्मनीने 2022 पासून त्यावर बंदी आणली. घरी उबवलेल्या बारा पिल्लांत नरही वाढतो, आणि आपल्याकडे गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

परसातली कोंबडी ही जुन्या काळाची आठवणही नव्हे. 2019 च्या पशुगणनेनुसार देशातल्या 85.18 कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी 31.7 कोटी परसातले होते, आणि 2012 पासून त्यांत सुमारे 46 टक्के वाढ झाली होती.

बघण्यातून काय निघतं याचं एक उदाहरण नॉर्वेतलं आहे. थोर्लेफ शेल्डरप-एब्बे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा. कोण कुणाला चोच मारतं आणि कोण मुकाट बाजूला होतं, याची तो नोंद ठेवायचा. कळपात चोच मारण्याचा ठरलेला क्रम असतो हे त्याने 1921 च्या सुमारास मांडलं, आणि प्राण्यांच्या सामाजिक वर्तनाच्या अभ्यासाला एक पायाभूत कल्पना मिळाली. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने उबवणीतली अंडी दिवसागणिक फोडून पाहिली होती आणि तिसऱ्या दिवशी धडधडणारा रक्ताचा ठिपका नोंदवला होता. दोघांपुढेही होती ती साधीच कोंबडी, यवतमाळच्या कुठल्याही अंगणात असते तशी.

इथवर आलं की खुडुक कोंबडीचा विजय झाला असं वाटतं. पण घरच्या पिल्लांची बाजू घेणारे एक विधान नेहमी करतात, आणि ते खोटं आहे: “गावठी कोंबडी काटक, तिला काही होत नाही.” मानमोडीची एक साथ अख्ख्या वस्तीची खुराडी रिकामी करते. 1927 साली कुमाऊँमधल्या राणीखेतला हा रोग नोंदवला गेला, म्हणून त्याला राणीखेतही म्हणतात. झरी-जामणी किंवा मारेगावकडच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, अडीअडचणीला विकायची कोंबडी हीच घरातली रोकड असते. तिथे ही साथ म्हणजे घराची शिल्लक बुडणं. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात घालायचा, पुढे वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा मात्रा द्यायची. अडचण अशी की लसीच्या कुपीत निदान शंभर मात्रा असतात. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि विरघळवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. ज्या घरी बारा पिल्लं आहेत, ते घर बाकीच्या मात्रा टाकून देण्यासाठी तालुक्याला जात नाही.

म्हणजे ज्याला कुटुंबाचा छंद म्हणून सुरुवात केली, तो एकट्या कुटुंबाला झेपत नाही. कोंबडी कुंपण मानत नाही, रोगही मानत नाही. फवारणीचं तेच. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावर किडे वेचणारी पिल्लं कुणाच्या घरची आहेत, हे विष विचारत नाही. मोझांबिक आणि टांझानियातल्या खेड्यांनी लसीचा प्रश्न एकत्र येऊन सोडवायला घेतला. उष्णता सहन करणारी आय-2 ही लस तिथे ठरलेल्या महिन्यांत गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून दारोदार डोळ्यांत टाकली जाते. शेवटी बघणाऱ्यालाही मोजावं लागतं, फक्त स्वतःची पिल्लं न मोजता सगळ्या आळीची मोजावी लागतात.

म्हणून येत्या थंडीत कोंबडीखाली अंडी ठेवण्याआधी शेजारच्या सात घरांना विचारा. सगळ्या कोंबड्या एकाच दिवशी खुडुक होणार नाहीत, पण अंडी आठवडाभर राखून ठेवता येतात आणि उरलेल्या मात्रा मोठ्या कोंबड्यांना देता येतात. आठ घरं आणि बारा-बारा पिल्लं म्हणजे 96. तारीख ठरवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा, कुपी बर्फात आणा आणि लस टाकताना प्रत्येक घरातलं एक मूल पिल्लू धरायला उभं करा.