नादातून निःशब्दाकडे

विद्युत्-वाद्यांच्या कल्लोळातून अवतरलेली ‘डी’ (१९७१) आणि तिच्यामागून आलेली ‘ऑम’ (१९७२) ही ग्योर्ग डॉयटर या जर्मन संगीतकाराची आरंभीची ध्वनिमुद्रणे आज पुन्हा ऐकू लागले म्हणजे, हाच मनुष्य पुढे पुण्यास कोरेगाव पार्कातील रजनीशांच्या आश्रमात येऊन चैतन्य हरी झाला, यात नवल न वाटता एक आंतरिक संगतीच दिसू लागते. त्याने रचलेले कुंडलिनी ध्यानाचे संगीत तासाभराच्या त्या विधीला पाऊण तासच साथ करते: अंग थरथरू देणे, नाचणे आणि निश्चल होऊन ऐकणे हे पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन टप्पे सुरांच्या हवाली केलेले, चौथ्यात मात्र सूर थांबतात आणि साधक नुसता पडून राहतो.

मौन हेच साध्य असेल तर नादाचा हा खटाटोप कशासाठी, अशी तक्रार कोणी करील. परंतु स्थूल नादाकडून सूक्ष्माकडे आणि सूक्ष्माकडून मनाच्या लयाकडे जाणारी वाट स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’ने नादानुसंधानाच्या रूपाने पूर्वीच आखून ठेवलेली आहे, आणि चंचल मन हुकमाने रिते होत नाही, त्याला आधी भरू द्यावे लागते, हा तिचा अनुभवसिद्ध दाखला आहे. म्हणून माझा कौल असा की, संगीताचे धार्मिकत्व त्यात ईश्वराचे नाम आहे की नाही यावर ठरत नसून, ते सरल्यावर श्रोत्याचा अहंकार कितपत ओसरला, यावरूनच त्याचा निवाडा व्हावा.