परतीची किंमत

परदेशी शिकायला गेलेला मुलगा घरी येतो, तेव्हा त्याने काय आणले ते आपण पाहतो. मागे काय ठेवले हे विचारीत नाही.

जपानी लष्करातील तरुण डॉक्टर मोरी ओगाई १८८४ साली आरोग्यशास्त्र शिकण्यास जर्मनीस गेला. १८८८ च्या सप्टेंबरात तो परतला आणि काही दिवसांतच एलिझे नावाची जर्मन तरुणी योकोहामाला उतरली. तिच्याशी बोलणी केली ती मुख्यतः त्याच्या मेहुण्याने. ऑक्टोबरात ती परतीच्या बोटीत बसली; निरोपाला मात्र ओगाई स्वतः गेला.

१८९० साली त्याने ‘नर्तकी’ ही कथा प्रसिद्ध केली. तीतला विद्यार्थी गर्भवती एलिसला बर्लिनमध्येच टाकून निघतो. ती वेडी होते. हा बदल मला अस्वस्थ करतो. वेड लागलेल्या बाईला उत्तर द्यावे लागत नाही. समुद्र ओलांडून समोर उभी राहिलेल्या शहाण्या बाईला ते द्यावे लागते. तरीही कथेत ओगाईने नायकाला निर्दोष सोडलेले नाही, हेही खरे.

घराणे, कर्तव्य, देश हे शब्द खोटे नव्हेत. पण त्यांची किंमत दुसऱ्याने चुकती केली असेल, तर ते उच्चारताना आपला आवाज थोडा खाली यावा, एवढेच मला वाटते.