न जन्मलेल्या बाळाचा शोक व दोषाचा प्रश्न

शिरूर व दौंड या तालुक्यांतील ज्या घरी गर्भपात झाला आहे, अशा घरी गेले असता आम्हांस एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो: “असे कशाने झाले?” प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तरही बहुधा तयारच असते. कोणी म्हणते, सून ग्रहणात बाहेर आली. कोणी म्हणते, माहेरी जाताना मोटारसायकलवर बसली. कोणास नजर लागलीसे वाटते. ख्रिस्ती घरांतही हळूच विचारतात की, हिच्या हातून काय पाप घडले असावे? याप्रमाणे जिने गमावले, तीच अपराधी ठरते.

वस्तुस्थिती निराळी आहे. वैद्यशास्त्र सांगते की, ज्या गर्भधारणा कळून येतात त्यांपैकी शंभरांत सुमारे १० ते १५ आपोआप संपतात, आणि त्याही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. आरंभीच्या या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच कमीअधिक झालेली असते. ते कोणाच्या इच्छेने होत नाही व कोणाच्या काळजीने टळत नाही. नेहमीचे घरकाम, चालणे किंवा साधा प्रवास यांनी निरोगी गर्भ पडत नाही. एकदा असे दुःख भोगलेल्या बहुतेक स्त्रियांस पुढे सुखरूप मूल होते. मात्र असे पुन्हा घडल्यास पतिपत्नी दोघांनी तपासणी करून घ्यावी, एकटीनेच नव्हे.

तर मग मनुष्यास दोषी शोधण्याची एवढी घाई का होते? आम्हांस वाटते, ज्या घरी केवळ दुःख आहे त्यापेक्षा ज्या घरी अपराधी सापडला आहे ते घर आपणांस कमी भयंकर वाटते. तिची चूक झाली असे ठरले की आपण सुरक्षित. परंतु कारण ठाऊक नसता कारण सांगणे ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष होय. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे असे विचारले होते; प्रभूने तो प्रश्नच नाकारला.

याच्या उलट दुसरी चूक आहे, आणि ती भक्तिमान माणसांकडून अधिक होते. जे मनुष्याच्या हयगयीचे फळ आहे, तेही आपण देवाच्या इच्छेवर घालतो. ऊसतोडीच्या हंगामात बीड व इतर जिल्ह्यांतून जोडपी या भागात येतात. उचल आधीच घेतलेली असते, व कामाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. म्हणून गर्भार स्त्रीही मोळी वाहते, आणि पोट पडले तरी लवकरच पुन्हा फडात उभी राहते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती राखली. पण फडातील बाईपर्यंत ती पोहोचत नाही. येथे “प्रभूची मर्जी” म्हणून गप्प बसणे म्हणजे श्रद्धा नव्हे. जेथे कोणाचाच दोष नाही तेथे दोष शोधू नये, आणि जेथे अन्याय आहे तेथे त्यास दैव म्हणू नये. हा विवेक आपण शिकला पाहिजे.

या शोकाची आणखी एक अडचण अशी की, त्यास नाव नाही, कबर नाही, व मंडळीच्या पुस्तकात नोंद नाही. म्हणून शेजारी त्यास शोक मानीत नाहीत, आणि “दुसरे होईल” असे म्हणून निघून जातात. परंतु आईने ज्याची वाट पाहिली ते हेच बाळ होते, दुसरे नव्हे. पित्याचेही काही गेले आहे. त्यास कोणी विचारीत नाही.

तेव्हा वाचकहो, अशा घरी जावे, थोडे बोलावे. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडले तेव्हा ते चुकले. पाणी भरावे, भाकरी करून न्यावी. रक्तस्राव फार होत असेल, ताप किंवा तीव्र वेदना असतील, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. पुढे कोणाचे बारसे निघाले तर तिला वगळू नये. यावे की न यावे, हे तिचे तिला ठरवू द्यावे. आणि सासूबाईंनी तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे की, “मुली, यात तुझा काही दोष नाही.” एवढ्या एका वाक्याची कित्येक सुना वर्षानुवर्षे वाट पाहत आहेत.