आधी माणूस समजून घ्या

दार लावा. मोबाईल माझ्या टेबलावर आणून ठेवा. दप्तरात खुपसलेला तोसुद्धा. सकाळचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम ज्यांनी केला, ते उभे राहा. बाकीच्यांनी दात काढायचं कारण नाही. टाळ्या तुम्हीच वाजवल्यात.

फलकापासून सुरू करू. मेजर कौस्तुभ राणे यांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि तुमचे चेहरे त्याच्या दुप्पट, वर गॉगल! त्यांचं नावसुद्धा चुकवलंत. फाटकाला टांगण्याआधी एकालाही वाचून बघावंसं वाटलं नाही? आणि त्यांच्या मुलाचा फोटो कोणाला विचारून छापलात? वडील गेले तेव्हा ते पोर जेमतेम अडीच वर्षांचं होतं. त्याचं दुःख चव्हाट्यावर मांडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? फलक मी उतरवायला लावला आहे.

आता भाषण. छाती फुगवून म्हणालास, ‘कारगिलच्या युद्धात’. अरे, कारगिलचं युद्ध १९९९ सालचं. तेव्हा मेजर राणे शाळेत होते. ते गेले ७ ऑगस्ट २०१८ ला, गुरेझमध्ये. बांदीपोरा जिल्हा, किशनगंगेचं खोरं, ताबारेषेला खेटून. तिथे पोचायला साडेअकरा हजार फुटांहून उंच अशी राझदान खिंड ओलांडावी लागते आणि हिवाळ्यात ती बर्फाने बंद होते. वाटा मोकळ्या असतात तेवढ्या दिवसांत घुसखोर आत शिरायला बघतात, म्हणून ऐन उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथल्या तुकड्यांना डोळ्यांत तेल घालून रात्री काढाव्या लागतात. मेजर राणे ३६ राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. घुसखोरांना अडवताना झालेल्या चकमकीत ते गेले. वय २९.

आणि ते एकटे गेले नाहीत. रायफलमन मनदीपसिंह रावत, रायफलमन हमीरसिंह, गनर विक्रमजीतसिंह. या तिघांपैकी एकाचं तरी नाव घेतलंस? ते आपल्या मिरा रोडचे नव्हते म्हणून वगळलंस? शेजारी लढताना मेजरांनी कोण कुठल्या गावचा हे विचारलं नसेल.

मला सर्वांत चीड आली ती ‘अखेरच्या शब्दां’ची. काय ते पल्लेदार वाक्य, आणि काय तो गहिवर! कुठे वाचलंस? कोणाकडून ऐकलंस? बोल ना आता. मीठ-मसाला लावून टाळ्या घेतल्यास. गेलेला माणूस ‘मी असं म्हणालोच नाही’ असं सांगायला येत नाही, हे पक्कं ठाऊक होतं म्हणूनच ही हिंमत झाली तुझी.

घोषणांचंही बोलतो. घसा फुटेस्तोवर ओरडलात, हरकत नाही. पण ओरडताना माना कोणाकडे वळल्या होत्या, ते मी व्हरांड्यातून पाहिलं. तिसऱ्या बाकावरच्या, नयानगरच्या मुस्लीमबहुल वस्तीतून येणाऱ्या मुलाकडे. तो तुमच्यासारखाच हात जोडून उभा होता. पन्नासजणांनी मिळून एकाकडे बघून ओरडायला कसलं आलंय शौर्य? हा शुद्ध भित्रेपणा आहे आणि तो एका सैनिकाच्या फोटोआड लपून केलात.

९ ऑगस्ट २०१८ ला महाराष्ट्र बंद होता. तरीही या शहरातले हजारो लोक त्यांना निरोप द्यायला रस्त्यावर उतरले. मग गर्दी आपापल्या घरी गेली. मागे राहिले आईवडील, बहीण, पत्नी आणि ते पोर. वैभववाडी तालुक्यातल्या सडुरे गावात त्यांचं मूळ घर. तिथलेही डोळे कोरडे नव्हते. मेजर म्हणजे त्या घराचा मुलगा, भाऊ, नवरा, बाप. त्यांच्या सेना पदकाचा उल्लेख केलात. या माणसाबद्दल एक वाक्य नाही.

स्मृती जपणं म्हणजे काय, ते त्यांच्या पत्नी कनिका राणे यांच्याकडून शिका. हुतात्मा सैनिकाच्या पत्नीला सैन्यात भरती होताना वयाची सवलत मिळते. निवड मंडळाच्या मुलाखतीत आणि मैदानावर मात्र कोणी सूट देत नाही. लहान मूल घरी ठेवून त्यांनी चेन्नईच्या अकादमीत खडतर प्रशिक्षण घेतलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. तुम्ही सगळ्यांनी फौजेत जा, असं मी म्हणत नाही. निम्म्यांना तर पीटीच्या तासाला मैदानाच्या दोन फेऱ्या मारवत नाहीत. पण नाव घेता त्या माणसाची माहिती नीट मिळवायला कुठे दंड-बैठका काढाव्या लागतात?

तुमच्यातल्या काहींच्या सोसायटीच्या फाटकावर फौजेतून निवृत्त झालेले काका रात्रपाळी करतात. त्यांना तुम्ही ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारता. पंधरा-वीस वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला साधं ‘काका’ म्हणवत नाही, आणि निघालात श्रद्धांजली वाहायला!

तर ऐका. उद्या प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं. चारही नावं, तारीख, ठिकाण अचूक. पदरची वाक्यं नकोत. फलकाच्या वर्गणीतले उरलेले पैसे ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीत जातील. हिशेब फळ्यावर लिहायचा. आज घरी जाताना फाटकावरच्या काकांशी पाच मिनिटं बोलायचं, ते कुठे होते ते विचारायचं आणि मधे तोंड न घालता ऐकायचं.

आणि घोषणा देणाऱ्यांचे म्होरके कोण, ते मला माहीत आहे. तिसऱ्या बाकाजवळ जा आणि त्याची माफी मागा. आत्ता, सगळ्यांसमोर. तोपर्यंत कोणीही बसायचं नाही.